चेन आणि कॅसेटची जुळवाजुळव: आधी मोजा, मग दुकानात जा

सेमिनरी हिल्सचा चढ सुरू झाला, पायडलवर जोर दिला आणि चेन खट्टकन दात सोडून पुढे घसरली, असं दोन-चारदा झालं की बहुतेक जण सायकल दुकानात नेतात. तिथे ‘चेन बदलून टाकू’ किंवा ‘पूर्ण सेटच गेला, भाऊ’ यांपैकी एक उत्तर मिळतं. दोन्ही उत्तरं खरी असू शकतात. पण आपल्या सायकलला कोणतं लागू आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजायला ३० सेंटिमीटरहून थोडी लांब, मिलिमीटरच्या खुणांची साधी पट्टी पुरते. नागपुरात आता गिअरच्या सायकली भरपूर झाल्या आहेत, तरी सुट्या भागांच्या बाबतीत ‘जे मिळेल ते बसवू’ असाच कारभार बऱ्याच ठिकाणी चालतो. त्यात खिशाला कात्री लागते ती सायकलवाल्याच्या.

या सगळ्या गोंधळाचं मूळ असं, की आपण ‘चेन जमते का’ हा एकच प्रश्न विचारतो. प्रत्यक्षात प्रश्न तीन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) यांचं जमणं रुंदीवर ठरतं. कॅसेट आणि शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) यांचं जमणं दोन चकत्यांमधल्या अंतरावर ठरतं. कॅसेट आणि हब (चाकाचा मधला भाग) यांचं जमणं हबवरच्या खाचांवर ठरतं. हे तीन प्रश्न वेगळे ठेवले की काय बदलता येतं आणि काय नाही, हे घरबसल्या सांगता येतं.

पहिलं काम: मागे कॅसेट आहे की फ्रीव्हील

मागच्या चकत्या मोजा. सात, आठ, नऊ, दहा, जे असेल ते. सायकलच्या जाहिरातीत ‘२१ गिअर’ म्हणजे पुढे ३ आणि मागे ७, ‘२४ गिअर’ म्हणजे ३ आणि ८, ‘२७ गिअर’ म्हणजे ३ आणि ९. चेन ठरते ती मागच्या आकड्यावर, एकूण आकड्यावर नाही. दुकानात जाऊन ‘२१ गिअरची चेन द्या’ म्हटलं तरी अनुभवी माणूस सातची चेन देतो. नवखा मात्र गोंधळतो. म्हणून मागचाच आकडा सांगा.

सात चकत्यांच्या स्वस्त सायकलींवर बहुतेक वेळा कॅसेट नसतेच. तिथे हबवर आट्यांनी चढवलेलं फ्रीव्हील असतं. ओळखायची रीत सोपी आहे. मागचं चाक काढा आणि चकत्या उलट दिशेने फिरवा. मधला पाना बसायचा खाचांचा भाग चकत्यांबरोबर फिरला, तर ती कॅसेट. तो स्थिर राहिला आणि चकत्या त्याच्याभोवती फिरल्या, तर फ्रीव्हील. आणखी एक खूण म्हणजे सर्वांत लहान चकतीला १३ किंवा १४ दात असतील, तर फ्रीव्हीलची शक्यता जास्त. कॅसेटची लहान चकती साधारणपणे ११ किंवा १२ दातांची असते.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण फ्रीव्हील काढून त्याच हबवर कॅसेट बसत नाही. त्यासाठी हब किंवा अख्खं मागचं चाक बदलावं लागतं. सात चकत्यांच्या साध्या सायकलवर तो खर्च म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तिथे सातचंच नवीन फ्रीव्हील आणि योग्य चेन घ्या, सायकल छान चालेल.

दुसरं काम: चेन किती ताणली आहे

‘चेन लांबली’ असं आपण म्हणतो, पण चेनच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि तिच्याभोवतीचा आतला भाग झिजतो, प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई येते आणि अशा शंभरेक सांध्यांची ढिलाई एकत्र होऊन चेन लांब भरते. आपल्याकडे हे लवकर होतं. उन्हाळ्यात रस्त्यावरची बारीक धूळ आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तेलात मिसळला की सांध्यांमध्ये घासकागदासारखी पेस्ट तयार होते. वर्धा रोड किंवा हिंगण्याच्या बाजूला कुठेतरी बांधकाम चालूच असतं, तिथून रोज जाणाऱ्याने तर चेन जास्त वेळा मोजायला हवी.

मोजायचं असं. चेन पुसून घ्या. पुढची चकती आणि मागची चकती यांच्यामधला वरचा ताणलेला भाग मोजायचा आहे, म्हणून पायडलवर हलका दाब ठेवा. पट्टीचा शून्य एका पिनच्या डाव्या कडेवर ठेवा. चेनच्या दोन पिनमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. तेव्हा तिथून पुढे २४ पिन मोजल्या की नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरतात. चोविसावी पिनसुद्धा डाव्या कडेवरच वाचा, नाहीतर पिनच्या जाडीएवढी चूक होते.

३०६ मिलिमीटरच्या आत असेल तर निवांत राहा. ३०६.३ म्हणजे अर्धा टक्का वाढ, आणि मागे ११ किंवा १२ चकत्या असतील तर इथेच चेन बदलायची. १० पर्यंतच्या सायकलींना ३०७ पर्यंत, म्हणजे पाऊण टक्क्यापर्यंत चालतं. ३०७.८ झालं की एक टक्का पूर्ण झाला, आणि तोवर त्या चेनने कॅसेटचे दात आपल्या मापाने खाऊन टाकलेले असतात. मग नवी चेन त्या दातांवर बसत नाही, जोर दिला की घसरते. ‘पूर्ण सेट गेला’ हे वाक्य या टप्प्यावर खरं ठरतं, त्याआधी नाही. चेन कॅसेटपेक्षा स्वस्त असते. वेळेवर चेन बदलत राहिलात, तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन सहज निघतात.

चेन मोजायचा तयार मापकही मिळतो आणि तो घेण्यासारखा आहे. पण तो नाही म्हणून मोजणं टाळू नका.

चेनची रुंदी: एक पायरी पुढची चालते, मागची नाही

वर दिलेलं अर्ध्या इंचाचं अंतर जवळजवळ सगळ्या चेनमध्ये सारखंच असतं. दूधवाल्या काकांच्या काळ्या सायकलच्या चेनचंही तेच. म्हणूनच कोणतीही चेन कोणत्याही चकतीवर वरवर बसलेली दिसते आणि फसगत होते. फरक असतो रुंदीत. बिनगिअरच्या सायकलची चेन आतून पाव इंचाच्या निम्मी, म्हणजे एक अष्टमांश इंच रुंद असते. ती गिअरच्या सायकलवर कधीही घालू नये. गिअरच्या ६, ७ आणि ८ चकत्यांसाठी एकच चेन चालते, तिची बाहेरची रुंदी साधारण ७.१ ते ७.३ मिलिमीटर. ९ ची सुमारे ६.६, १० ची सुमारे ५.९, ११ ची साडेपाचच्या आसपास आणि १२ ची सव्वापाचच्या आसपास.

चकत्या वाढत गेल्या तसं दोन चकत्यांमधलं अंतर कमी झालं, म्हणून चेन बाहेरून बारीक होत गेली. आतली रुंदी त्या मानाने फारशी बदललेली नाही. ६ ते ८ साठी ती २.४ मिलिमीटरच्या जवळ आहे, ९ च्या पुढे २.२ च्या जवळ. यावरून एक कामाचा नियम निघतो. चेन एका पायरीने बारीक असेल तर सहसा चालते, जाड असेल तर नाही. ९ ची चेन ८ च्या कॅसेटवर चालेल. ११ ची चेन १० वर छान चालते. पण ८ ची चेन ९ च्या कॅसेटवर घातली, तर ती शेजारच्या चकतीला घासते, खरखर करते आणि गिअर आपोआप पडतो.

बारीक चेन दोन-तीन पायऱ्यांनी पुढची घेऊ नका. ८ च्या, पुढे तीन चेनरिंग म्हणजे तीन चकत्या असलेल्या सायकलवर १० ची चेन घातली, तर पुढे गिअर बदलताना ती दोन चेनरिंगच्या मधल्या फटीत अडकू शकते. शिवाय बारीक चेन महाग असते, आणि जुन्या सायकलवर त्या खर्चाचा काही उपयोग होत नाही.

कंपनीचं काय? ८, ९ आणि १० मध्ये शिमानो, केएमसी, श्रॅम यांच्या चेन एकमेकांच्या कॅसेटवर बिनदिक्कत वापरा. ११ मध्येही फारशी अडचण येत नाही. १२ मध्ये मात्र सावध राहा. शिमानोच्या १२ च्या चेनची घडण तिच्या स्वतःच्या दातांसाठी केलेली असते. दुसरी चेन चालते, पण गिअर तितका गुळगुळीत पडत नाही. श्रॅमच्या २०१९ पासूनच्या रोड एएक्सएस सायकलींवर एका बाजूने सपाट असलेली चेन येते, तिचे रोलर नेहमीपेक्षा मोठे असतात. तिथे दुसरी कोणतीही चेन बसवायची नाही, आणि ती चेन इतर कॅसेटवरही न्यायची नाही. २०२३ पासून शिमानोच्या क्यूज मालिकेतल्या लिंकग्लाइड कॅसेटही दिसू लागल्या आहेत. त्यांच्या ९, १० आणि ११ या तिन्ही प्रकारांत चकत्यांमधलं अंतर ११ चंच असतं. त्यामुळे ‘९ आहे म्हणून ९ ची जुनी चेन’ हा हिशेब तिथे चुकतो. त्यांना लिंकग्लाइडची किंवा ११ ची चेन द्यावी.

शिफ्टरची बाजू

शिफ्टरची एक टिकटिक म्हणजे ठरावीक लांबीची केबल खेचणं, आणि त्यातून डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, ठरावीक अंतर सरकणं. हे अंतर कॅसेटच्या दोन चकत्यांमधल्या अंतराएवढं हवं. शिमानोच्या ७ मध्ये एका चकतीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ५.० मिलिमीटर असतात, ८ मध्ये ४.८, ९ मध्ये ४.३५ आणि १० मध्ये ३.९५.

आता ८ च्या शिफ्टरवर ९ ची कॅसेट लावू, एक गिअर फुकट मिळेल, असा विचार कोणी केला तर काय होईल? दर टिकटिकीला ०.४५ मिलिमीटरची चूक. सात टिकटिकींत ती ३.१५ मिलिमीटर होते, म्हणजे पाऊण चकतीएवढी. असं जुळवणं अशक्य. ७ च्या शिफ्टरवर ८ च्या कॅसेटमधल्या सात चकत्या वापरायच्या म्हटलं, तर दर टिकटिकीला ०.२ आणि सहा टिकटिकींत १.२ मिलिमीटर. मधल्या चकतीवर नीट जुळवलं, तर ही चूक दोन्ही टोकांना ०.६ अशी वाटली जाते. कामचलाऊ गाडी चालते, पण टोकाचे गिअर थोडी कुरकुर करतील. सातचा शिफ्टर चांगला असेल आणि सातची कॅसेट मिळत नसेल, तर हा पर्याय मी मान्य करेन. एरवी नाही.

८ वरून ९ वर जायचंच असेल, तर कॅसेट, चेन आणि उजवा शिफ्टर बदला. शिमानोचा ७, ८ किंवा ९ चा मागचा डिरेलर तसाच ठेवता येतो, कारण या तिघांत केबल खेचण्याचं आणि डिरेलर सरकण्याचं प्रमाण एकच आहे. १० चे माउंटन सायकलचे शिमानो डिरेलर मात्र वेगळ्या प्रमाणाचे आहेत. ते ९ च्या शिफ्टरबरोबर जमत नाहीत. श्रॅमचा शिफ्टर आणि शिमानोचा डिरेलर अशी खिचडीही सहसा करू नये.

हबवर बसेल का

शिमानोच्या ८, ९ आणि १० च्या कॅसेट एकाच हबवर बसतात. या हबच्या खाचा श्रॅमच्या बऱ्याच कॅसेटनाही चालतात. त्यावर ७ ची कॅसेट बसवायची, तर मागे ४.५ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे जागा भरणारं कडं, टाकावा लागतो. १० च्या शिमानो रोड कॅसेटला बहुतेक वेळा १ मिलिमीटरचा पातळ स्पेसर लागतो, तो डब्यातच येतो. तो टाकायला विसरलं की लॉकरिंग (कॅसेट हबवर आवळून धरणारी रिंग) पूर्ण घट्ट होऊनही चकत्या हाताला हलतात.

११ चा रोड हब या जुन्या हबपेक्षा १.८५ मिलिमीटरने लांब असतो. त्यावर ८, ९ किंवा १० बसवायची तर तेवढ्याच जाडीचा स्पेसर हवा. उलट, जुन्या हबवर ११ ची नेहमीची रोड कॅसेट बसत नाही. पण शिमानोच्या ११ च्या माउंटन कॅसेट आणि ११-३४ दातांची (लहान चकती ११, मोठी ३४) रोड कॅसेट जुन्या हबवर बसते, कारण तिची मोठी चकती आतल्या बाजूला झुकवलेली असते. १२ च्या बऱ्याच कॅसेटमध्ये १० दातांची लहान चकती असते, आणि तिच्यासाठी शिमानोने २०१८ पासून मायक्रो स्प्लाइन आणि श्रॅमने त्याआधी एक्सडी हे वेगळे हब आणले. ११-५० दातांची श्रॅमची एनएक्स ईगल कॅसेट मात्र जुन्या खाचांवरच बसते. १२ घ्यायची असेल, तर आधी लहान चकतीचे दात विचारा. १० म्हटलं की हबची चौकशी आलीच.

मोठी चकती घ्यायची आहे

नागपूर तसं सपाट. फुटाळा, अंबाझरी, झिल्पी अशा फेऱ्यांना ११-३२ भरपूर होते. रामटेकच्या गडाचा चढ दमवतो, आणि तिथे जाऊन आल्यावर लोक ३४ किंवा ३६ दातांची मोठी चकती शोधू लागतात. ३२ वरून ३४ वर गेल्याने चढावर सुमारे ६ टक्के हलकेपणा मिळतो. जाणवतो, पण जादू नाही. ३६ वर गेलात तर ११ टक्के, आणि तिथे फरक स्पष्ट कळतो.

डिरेलरला दोन मर्यादा असतात. पहिली म्हणजे तो किती दातांच्या चकतीखाली मावतो. दुसरी, तो किती ढिली चेन ओढून घेऊ शकतो. दुसऱ्याचा हिशेब असा: पुढच्या मोठ्या आणि लहान चेनरिंगच्या दातांतला फरक, अधिक मागच्या मोठ्या आणि लहान चकतीतला फरक. पुढे ४२-३४-२४ आणि मागे ११-३४ असेल, तर १८ अधिक २३, म्हणजे ४१. डिरेलरच्या कागदावर एवढा किंवा यापेक्षा मोठा आकडा हवा. कमी असेल तर पुढची लहान आणि मागची लहान या जोडीवर चेन खाली लोंबते. एक-दोन दातांनी कमी पडत असेल, आणि तुम्ही ती जोडी कधी वापरतच नसाल, तर खपून जातं. पण मोठी चकती मापाबाहेर असेल, तर डिरेलरचं वरचं छोटं चाक, म्हणजे जॉकी व्हील, तिला घासतं. तिथे तडजोड नको.

चेन कापणं आणि जोडणं

जुनी चेन आणि कॅसेट त्याच मापाची असेल, तर जुन्या चेनच्या कड्या मोजून तेवढ्याच नव्या ठेवा. दोन्ही चेन शेजारी लटकवून लांबी मिळवू नका, जुनी चेन लांबलेली असते. एकूण लांबीत तो फरक एका कडीएवढाही होऊ शकतो.

कॅसेट बदलली असेल, तर चेन डिरेलरमधून न घालता पुढच्या सर्वांत मोठ्या चेनरिंगवरून आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून घट्ट गुंडाळा. जिथे दोन्ही टोकं जुळतील त्यापुढे आणखी दोन कड्या, एक आतली आणि एक बाहेरची, ठेवून कापा. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलला थोडी जास्त लागते, कारण खड्ड्यात चाक वर सरकताना चेनचं अंतर वाढतं. चेन कापण्याआधी दोनदा बघा. जास्त असेल तर पुन्हा कापता येते.

जोडताना जोडकडी, म्हणजे मिसिंग लिंक, चेनच्या मापाचीच हवी. ८ च्या चेनला ९ ची कडी लावली तर ती अडखळते, उलट केलं तर उघडू शकते. ८ आणि ९ च्या कड्या साधारणपणे पुन्हा वापरता येतात, १० च्या पुढच्या बहुतेक एकदाच वापरायच्या असतात. शिमानोच्या चेनला पिन येत असेल, तर तीच नवी पिन वापरा. जुनी पिन ढकलून परत बसवायची सवय काळ्या सायकलवर चालते, १० किंवा ११ वर ती पिन पुढे कधीतरी जोराच्या क्षणी सुटते. शिमानोच्या १० आणि ११ च्या काही चेनना दिशा असते, नाव कोरलेली बाजू बाहेर ठेवा.

कॅसेटच्या लॉकरिंगवर बहुतेक वेळा ४० न्यूटन-मीटर, म्हणजे आवळायच्या जोराचं माप, लिहिलेलं असतं. टॉर्क पाना नसेल, तर लांब दांड्याच्या पान्याने चांगला जोर द्या. घट्ट होताना कटकट असा आवाज येतो, तो योग्य आहे. काढताना मात्र चकत्या धरून ठेवणारा चेन-व्हीप लागतोच. चकत्या कापडाने धरून किंवा पेचकस अडकवून काढायला गेलं की बोटं फुटतात आणि दात वाकतात.

चाचणी

आधी सायकल उलटी करून सगळे गिअर फिरवा. मग बाहेर काढा. सपाट रस्त्यावर चालणारी चेन चढावर दात सोडू शकते, म्हणून खरी परीक्षा चढावरच. सेमिनरी हिल्सवर सकाळी वर्दळ नसताना, सीटवर बसूनच, प्रत्येक चकतीवर जोर लावून बघा. उभं राहून जोर लावू नका. त्या वेळी चेन घसरली, तर गुडघा हँडलवर आणि माणूस रस्त्यावर.

नवी चेन फक्त एक-दोन चकत्यांवर घसरत असेल, आणि त्या तुम्ही रोज वापरता त्याच असतील, तर त्याच झिजल्या आहेत. बहुतेक स्वस्त कॅसेटमध्ये मोठ्या चकत्या रिव्हेटने जोडलेल्या असतात, पण लहान चकत्या सुट्या निघतात. तशाच मापाची दुसरी जुनी कॅसेट मिळाली, तर लहान चकत्या बदलून काम भागवता येतं. आपल्या गल्लीतल्या दुकानात असा सुट्या चकत्यांचा डबा अनेकदा असतो, विचारून बघा. सगळ्या चकत्यांवर घसरत असेल, तर कॅसेट बदला. आणि फक्त पुढच्या एकाच चेनरिंगवर घसरत असेल, तर कॅसेटला हात लावू नका, दोष त्या चेनरिंगचा आहे.

नव्या चेनवर कारखान्यातून आलेलं ग्रीस असतं, ते पहिल्याच दिवशी डिझेलने धुवून टाकू नका. बाहेरून कोरड्या चिंधीने पुसा, एवढंच. ते उतरल्यावर एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत पातळ, कमी चिकट चेन-तेल द्या, पावसाळ्यात घट्ट. इंजिनमधून काढलेलं जुनं ऑइल कोणी फुकट दिलं तरी घालू नका. त्यात धातूचा चुरा असतो, आणि तो थेट पिनांमध्ये जातो. तेलाचा थेंब प्रत्येक रोलरवर, आतल्या बाजूने. दहा मिनिटं थांबा, मग बाहेरचं सगळं पुसून काढा. बाहेर राहिलेल्या तेलावर फक्त धूळ बसते.